डॉ. हेरमान फोगेल : फोटोच्या काचेला रंग दाखवणारे शिक्षक



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात कुटुंबाविषयीचा पाठ चालू होता. घरातल्या मोठ्यांना विचारून एखादा जुना फोटो घेऊन या, असं मी मुलांना सांगितलं होतं. एका मुलीनं पणजीचा फोटो आणला. स्टुडिओत काढलेला, कडा पिवळ्या पडलेला. त्यात पणजीच्या कपाळावरचं कुंकू काळं कुळकुळीत दिसत होतं. पणजी काळं कुंकू लावायची का, असं तिनं विचारलं आणि वर्गात हशा पिकला. जुने फोटो काळे-पांढरेच असतात, त्यात सगळं काळंच दिसणार, असं सांगून मी पुढच्या फोटोकडे वळले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा माझ्या टेबलापाशी आली. घरी आजीला विचारून आली होती. पणजीचं लुगडं निळं होतं आणि काठ लाल, असं आजीनं सांगितलं होतं. फोटोत मात्र लुगडं पांढरट आणि काठ काळा. निळं पांढरं होतं आणि लाल काळं होतं, असं का? आता मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या दिवशी मी दिलेलं उत्तर चूक होतं, हेही कळलं.

मग शोधायला लागले, तेव्हा एका जर्मन प्राध्यापकांची गोष्ट सापडली. दीडशे वर्षांपूर्वी त्यांच्या हातात अशीच एक न जुळणारी गोष्ट आली होती. त्यांनी ती बाजूला सारली नाही. त्यांचं नाव डॉ. हेरमान विल्हेल्म फोगेल. आजचा पाठ त्यांच्यावर.

(एक सूचना : इंटरनेटवर शोधताना हेरमान कार्ल फोगेल हे नावही समोर येईल. ते वेगळे, पॉट्सडामचे खगोलशास्त्रज्ञ. दोघांची गल्लत करू नका.)

बालपण आणि शिक्षण

फोगेल यांचा जन्म २६ मार्च १८३४ रोजी दोब्रिलुक या लहान गावी झाला. तेव्हा हे गाव प्रशिया राज्यात होतं, आज ते जर्मनीच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतात आहे. पुढे ते बर्लिनला आले आणि तिथल्या औद्योगिक शिक्षणसंस्थेत रसायनशास्त्र शिकले. १८६० पासून काही वर्षं त्यांनी बर्लिनच्या खनिज संग्रहालयात सहायक म्हणून काम केलं.

१८६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. विषय होता चांदीच्या तीन क्षारांवर प्रकाशाचा परिणाम. सिल्व्हर क्लोराईड, सिल्व्हर ब्रोमाईड आणि सिल्व्हर आयोडाईड हे ते तीन क्षार. त्या काळचा सगळा फोटोचा धंदा याच क्षारांवर चालत होता, पण प्रकाश पडल्यावर त्यांच्यात नेमकं काय घडतं हे कोणालाच नीट ठाऊक नव्हतं. फोटो काढणारे अनुभवानं शिकत, एकमेकांचं बघून शिकत. फोगेल यांना वाटे, की हा विषय शास्त्र म्हणून शिकवला पाहिजे.

त्यांनी तसं केलंही. १८६४ पासून ते बर्लिनच्या औद्योगिक अकादमीत फोटोग्राफी शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांनी फोटोग्राफीवरचं एक नियतकालिक सुरू केलं. पुढे ही अकादमी शार्लोटेनबुर्गच्या तंत्र महाविद्यालयात सामील झाली, आणि तिथली प्रकाश-रसायनाची प्रयोगशाळा फोगेल यांच्याकडे आली. शेवटपर्यंत ते तिथेच शिकवत राहिले.

अडचण काय होती?

फोगेल यांचा शोध समजायचा तर आधी त्या काळचा फोटो कसा निघे ते पाहू.

काचेच्या तुकड्यावर कोलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर देत. त्या थरात चांदीच्या क्षाराचे बारीक कण असत. ही झाली प्लेट. कॅमेऱ्यात प्लेटवर जिथे प्रकाश पडे, तिथले कण बदलत आणि नंतर रसायनात धुतल्यावर तिथे काळी चांदी तयार होई. म्हणजे उजेडाची जागा काचेवर काळी आणि अंधाराची जागा मोकळी. कागदावर छापताना हे पुन्हा उलट होई आणि आपल्याला नेहमीसारखं चित्र दिसे.

इथपर्यंत ठीक. पण काचेवरच्या त्या कणांना सगळे रंग दिसत नसत. सिल्व्हर ब्रोमाईडचा रंग फिकट पिवळसर असतो. कारण ते जांभळा आणि निळा प्रकाश शोषून घेतं आणि बाकीचे रंग सोडून देतं. साधारण ५०० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश, म्हणजे हिरव्यापासून लालपर्यंतचा, ते शोषतच नाही. आणि जे पोटात गेलंच नाही, ते अंगी कसं लागणार? जो प्रकाश शोषला जातो तोच रासायनिक बदल घडवतो, हा नियम ग्रोटहुस यांनी १८१७ साली मांडला होता आणि १८४० च्या दशकात ड्रेपर यांनी तो पुन्हा दाखवून दिला होता.

त्यामुळे निळ्या आकाशानं प्लेट जोरात काळी होई आणि फोटोत आकाश कोरं पांढरं येई. पिवळी फुलं गडद दिसत. लाल रंगाचा प्लेटवर काही परिणामच होत नसे, म्हणून फोटोत तो काळा. चित्रकारांच्या रंगीत चित्रांचे फोटो काढले तर सगळी उलटापालट होई. आपल्या पणजीचं कुंकू काळं आणि लुगडं पांढरट दिसण्याचं कारण हेच.

हिरव्या, पिवळ्या आणि लाल किरणांना तेव्हा रासायनिकदृष्ट्या निष्क्रिय किरण म्हणत. म्हणजे या किरणांत दमच नाही, ते फोटोच्या कामाचे नाहीत, असं धरून चालत. पुस्तकात तसं छापलेलं असे आणि शिक्षकही तेच शिकवत.

ग्रहणामागे धावणारे फोगेल

फोगेल प्रयोगशाळेत बसून राहणाऱ्यांपैकी नव्हते. १८ ऑगस्ट १८६८ रोजी एक मोठं खग्रास सूर्यग्रहण होतं. त्याचे फोटो काढायला जर्मन मंडळींबरोबर ते एडनला गेले. त्याच दिवशी चंद्राची तीच सावली एडनवरून समुद्र ओलांडून आपल्या कोकण किनाऱ्यावर आली आणि पुढे विजापूर, गुंटूर अशी पूर्वेकडे गेली. विजयदुर्गाच्या परिसरातल्या शाळांमध्ये या ग्रहणाची आठवण आजही सांगितली जाते. तिथल्या शिक्षकांना हा धागा वर्गात वापरता येईल.

पुढे १८७० च्या ग्रहणासाठी फोगेल सिसिलीला गेले आणि १८७५ साली आपल्या निकोबार बेटांपर्यंत आले. ती हकीकत पुढे येईलच.

१८७३ : न जुळणारी प्लेट

साल १८७३. फोगेल एकोणचाळीस वर्षांचे होते. इंग्लंडमधल्या कर्नल स्टुअर्ट-वर्टली यांनी बनवलेल्या काही कोरड्या प्लेट त्यांच्याकडे होत्या. त्यांत सिल्व्हर ब्रोमाईड होतं. फोगेल त्या तपासत होते. तपासण्याची पद्धत साधी : सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून त्याचा वर्णपट प्लेटवर पाडायचा, आणि कुठल्या रंगापाशी प्लेट किती काळी होते ते पाहायचं.

काय दिसायला हवं ते ठरलेलं होतं. निळ्या-जांभळ्या भागात गडद आणि हिरव्याकडे येता येता फिकट होत संपणारं. पण या प्लेटवर हिरव्या भागातला परिणाम निळ्यापेक्षाही जास्त निघाला. ज्या किरणांना सगळे निष्क्रिय म्हणत, त्यांनीच जास्त काम केलं होतं.

आता इथे थांबून विचार करा. आपण असतो तर काय म्हटलं असतं? प्लेट खराब आहे, बनवताना काहीतरी चुकलंय, दुसरी घ्या. मी तर नक्कीच असं म्हटलं असतं. त्या मुलीच्या बाबतीत मी केलं ते हेच.

फोगेल यांनी प्लेट टाकली नाही. इतर प्लेटवर असं होत नाही आणि हिच्यावर होतं, तर हिच्यात वेगळं काय आहे, असा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. बघतात तर या प्लेटमध्ये एक रंग मिसळलेला होता. तो घालण्याचं कारण वेगळंच होतं. प्लेटमधून आरपार गेलेला प्रकाश काचेच्या मागच्या बाजूवरून परत फिरतो आणि चित्राभोवती धुरकट वलय तयार करतो. ते होऊ नये म्हणून बनवणाऱ्यानं रंग घातला होता.

मग त्यांनी पाठ्यपुस्तकात द्यावा असा प्रयोग केला. प्लेट अल्कोहोलनं धुतली. रंग निघून गेला, आणि रंगाबरोबर हिरव्या प्रकाशाची जाणीवही गेली. प्लेट पुन्हा इतरांसारखी झाली. म्हणजे जादू सिल्व्हर ब्रोमाईडची नव्हती, त्या रंगाची होती.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी अंदाज बांधला. रंग जो प्रकाश शोषतो, तोच प्रकाश तो शेजारच्या चांदीच्या कणाला कामी आणून देत असेल, तर पिवळा प्रकाश शोषणारा रंग घातल्यावर प्लेटला पिवळा दिसायला हवा. त्यांनी कोरॅलिन नावाचा लालसर रंग घेतला. प्लेटला पिवळा दिसू लागला. मग लाल प्रकाश शोषणारा एक हिरवा रंग घेतला, आल्डिहाईड ग्रीन नावाचा. प्लेटला लाल जाणवू लागला! हे रंग कापड रंगवण्यासाठी बनवले जाणारे होते. जर्मनीत तेव्हा डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याचे कारखाने जोरात होते, त्यामुळे प्रयोगाला रंगांची वाण नव्हती.

१८७३ सालीच त्यांनी हे निष्कर्ष जर्मन रसायन संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या पद्धतीला आज रंग-संवेदीकरण म्हणतात. सोप्या भाषेत, रंग वापरून प्लेटला डोळे देणं.

त्यांचा आणखी एक प्रयोग मुलांना सांगण्यासारखा आहे. त्यांनी पिवळ्या कापडावर निळी फीत ठेवून फोटो काढला. साध्या प्लेटवर फीत पांढरी आणि कापड काळं आलं. डोळ्यांना दिसतं त्याच्या अगदी उलट. मग कोरॅलिन लावलेली प्लेट घेतली आणि कॅमेऱ्यासमोर पिवळी काच धरली, कारण रंग लावूनही प्लेटची निळ्याची ओढ जास्तच राहत होती. आता कापड उजळ आलं आणि फीत गडद.

लोकांनी लगेच मानलं का?

नाही. अमेरिकेतले नावाजलेले प्रयोगकर्ते केरी ली यांनी फोगेल यांचं म्हणणं नाकारलं. बऱ्याच जणांनी प्रयोग करून पाहिला आणि त्यांना तो जमला नाही. यात एक खुबी होती. रंग अगदी थोडा लागतो. जास्त घातला तर तोच पडद्यासारखा आड येतो आणि प्लेट उलट मंद होते. भाजीत मीठ जास्त झाल्यासारखं.

पण १८७४ साली फ्रान्सचे एडमंड बेक्रेल यांनी पानांतलं हरितद्रव्य वापरून प्लेटला लाल रंग दाखवला आणि फोगेल यांच्या म्हणण्याला बळ मिळालं. पाठोपाठ दुसरा पुरावा आपल्या देशातून आला. कलकत्त्याला भारतीय सर्वेक्षण विभागात जेम्स वॉटरहाउस नावाचे अधिकारी होते. नकाशे छापण्यासाठी तिथे फोटोग्राफीचा वापर होई. वॉटरहाउस यांनी १८७५ च्या सुमारास इओसिन हा रंग वापरून पाहिला आणि त्यानं प्लेट हिरव्या प्रकाशाला चांगली संवेदनशील होते असं दाखवलं. हा इओसिन गुलाबी-लाल असतो. आजही दवाखान्याच्या तपासणी प्रयोगशाळेत पेशी रंगवायला तो वापरतात.

एप्रिल १८७५ मध्ये फोगेल सूर्यग्रहणासाठी निकोबारमधल्या कामोर्टा बेटावर आले, तेव्हा वॉटरहाउसही त्या मोहिमेत होते. इतक्या लांबून माणसं आणि सामान आलं, आणि ऐन वेळी ढग आले. तिथे ग्रहणाचे फोटो मिळाले नाहीत. मुलांना हेही सांगावं. मोठ्या शास्त्रज्ञांचेही सगळे बेत सिद्धीस जात नाहीत.

बाजारात आणि छापखान्यात

पुढची दहा वर्षं फोगेल एकामागून एक रंग तपासत राहिले. १८८४ साली त्यांनी आझालिन नावाचं मिश्रण काढलं. त्यानं प्लेटला हिरव्यापासून नारिंगीपर्यंतचा प्रकाश जाणवे. त्यातले घटक मात्र त्यांनी सुरुवातीला गुप्त ठेवले. आयुष्यभर शास्त्र उघडपणे शिकवणाऱ्या माणसानं असं करावं, हे मला वाचताना खटकलं. पण तेव्हा या रंगांवर पेटंट आणि व्यापार सुरू झाला होता, आणि फोगेल त्या व्यापारात होते. आपण मुलांना चरित्र सांगताना माणूस पूर्ण सांगावा असं मला वाटतं.

रंगीत छपाईतही त्यांनी भर घातली. तीन रंगांच्या तीन ठशांतून सगळे रंग छापता येतील ही कल्पना आधीच मांडली गेली होती. पण त्यासाठी लाल, हिरवा आणि निळा प्रकाश वेगवेगळा टिपणाऱ्या प्लेट हव्यात, आणि लाल-हिरव्याला आंधळ्या प्लेटवर ते कसं जमणार? फोगेल यांच्या रंगीत प्लेटमुळे ते शक्य झालं. त्यांचा मुलगा एर्न्स्ट यानं न्यूयॉर्कला विल्यम कुर्ट्झ यांच्याबरोबर काम केलं आणि १८९३ साली त्यांनी तीन रंगांत छापलेलं फळांचं चित्र प्रसिद्ध झालं. आज आपल्या पाठ्यपुस्तकांतली रंगीत चित्रं याच तत्त्वावर छापली जातात, फक्त काळ्या शाईची भर पडली आहे. पुस्तकातलं चित्र भिंगाखाली धरा, बारीक रंगीत ठिपके दिसतील.

शिक्षक फोगेल

१८८२ च्या सुमारास आल्फ्रेड स्टिग्लिट्झ नावाचा एक अमेरिकन तरुण बर्लिनला इंजिनिअर व्हायला आला होता. तो फोगेल यांच्या वर्गात जाऊन बसला आणि इंजिनिअरिंग सुटलं. पुढे तो जगातल्या मोठ्या फोटोग्राफरांपैकी एक झाला. फोगेल विद्यार्थ्यांना प्लॅस्टरचा पांढरा पुतळा आणि त्यावर काळं मखमल अशा विषयाचा फोटो काढायला लावत. पांढऱ्यातल्याही छटा दिसल्या पाहिजेत आणि काळ्यातल्याही. काढून बघा, मोबाईलवरसुद्धा सोपं नाही. विद्यार्थी दिवसचे दिवस त्यात घालवत. उत्तर सांगण्याऐवजी अवघड काम हातात देणं, ही त्यांची शिकवण्याची रीत होती.

१७ डिसेंबर १८९८ रोजी शार्लोटेनबुर्ग इथे त्यांचं निधन झालं. त्यांच्या जागी आडोल्फ मीटे आले. मीटे आणि ट्राउबे यांनी १९०२ साली एथिल रेड हा अधिक चांगला रंग शोधला. १९०६ मध्ये इंग्लंडमध्ये रॅटन अँड वेनराइट या कंपनीनं सगळे रंग जाणणाऱ्या प्लेट बाजारात आणल्या. पण त्या महाग आणि जपून हाताळायच्या असल्यामुळे लाल न दिसणाऱ्या प्लेट पुढे बरीच वर्षं चालू राहिल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली राजा हरिश्चंद्र दाखवला, तेव्हाची चित्रपटाची फिल्मही लाल रंगाला जवळजवळ आंधळीच होती. ओठांचा लाल रंग पडद्यावर काळा दिसे, म्हणून मूकपटांच्या काळात रंगभूषा वेगळी करावी लागे.

रंग हे काम करतो तरी कसं?

हा भाग मला सगळ्यात आवडला. शोध लागला १८७३ मध्ये, पण त्याचं कारण नीट कळायला सत्तर-ऐंशी वर्षं लागली. क्रमानं पाहू.

१) फोगेल यांचं मत : रंगानं प्रकाश शोषला पाहिजे, हा पहिला भाग. दुसरा भाग असा, की सिल्व्हर ब्रोमाईडमधून सुटणारा ब्रोमीन कोणीतरी धरून ठेवला पाहिजे, म्हणजे काम सोपं होतं. पहिला भाग आजही खरा आहे. दुसऱ्यानं मूळ कोडं मात्र सुटत नव्हतं.

२) इंग्लंडचे ॲबनी यांचं मत : प्रकाशानं रंग स्वतःच मोडतो आणि मोडलेल्या रंगाच्या जागी पुढे चांदी जमा होते. हळदीचा डाग उन्हात उडतो, तसा प्रकाशानं रंग मोडतो हे खरंच आहे. त्यामुळे हे मत पटण्यासारखं होतं. पण पुढे प्रयोगांत दिसलं, की रंगाचा एक रेणू चांदीचे अनेक अणू तयार करवू शकतो. स्वतः मोडून संपणारा रंग हे कसं करेल? म्हणून हे मत मागे पडलं.

३) व्हिएन्नाचे एडर यांचं मत : रंग नुसता आसपास असून भागत नाही, तो चांदीच्या कणाला चिकटला पाहिजे, कापडाला रंग बसतो तसा. चिकटल्यावर तो जो प्रकाश शोषतो, तो द्रावणात असताना शोषतो त्यापेक्षा थोडा लाल बाजूला सरकलेला असतो, आणि प्लेटची जाणीवही तिथेच वाढते. हे निरीक्षण टिकलं.

४) १८८७ : व्हिएन्नातच जेम्स मोझर यांनी चांदीच्या क्षाराचा थर दिलेल्या पट्ट्यांना एरिथ्रोसिन रंग लावला आणि प्रकाशात त्यांच्यातली वीज वाढते असं पाहिलं. म्हणजे रंगाचा विजेशी काहीतरी संबंध होता. पण इलेक्ट्रॉनचा शोधच अजून लागायचा होता, त्यामुळे ही गोष्ट त्या वेळी कोणी पुढे नेली नाही.

५) १९३८ : ब्रिस्टलचे गर्नी आणि मॉट यांनी प्लेटमध्ये चित्र कसं तयार होतं ते मांडलं. प्रकाशानं कणात एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो, तो एका जागी अडकतो, तिथे चांदीचा आयन येतो आणि चांदीचा अणू बनतो. असे काही अणू जमले की कण छापायला तयार.

६) त्यानंतरचा वाद : रंग कणाला काय देतो? नुसती ऊर्जा, की प्रत्यक्ष इलेक्ट्रॉन? यावर बरीच वर्षं दोन पक्ष होते. आज बहुतेक ठिकाणी दुसरं उत्तर मानलं जातं. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, त्याचा इलेक्ट्रॉन उडी मारून चांदीच्या कणात जातो, आणि रंगाला नंतर दुसरा इलेक्ट्रॉन मिळून तो पुन्हा कामाला तयार होतो.

मुलांना सांगताना मी असं सांगते. उंच फळीवरचा डबा लहान भावाला काढता येत नाही. ताई तो काढून त्याच्या हातात देते. लाडू खातो भाऊ, पण हात पोचतो ताईचा. रंग म्हणजे ताई. पानांतलं हरितद्रव्यही प्रकाश धरून पुढे देतं, हे मुलांना प्रकाशसंश्लेषणाच्या पाठात भेटतंच.

१९९१ साली ओ'रीगन आणि ग्रेट्झेल यांनी हीच युक्ती वापरून सौरघट बनवला. त्यात चांदीच्या क्षाराऐवजी टायटॅनियम डायऑक्साईड आहे, पण प्रकाश धरून इलेक्ट्रॉन देणारा रंगच. म्हणजे फोटोच्या काचेवरचं ते कुतूहल आता वीज बनवण्याच्या कामी येऊ लागलं.

वर्गात करून पाहा

साहित्य : मोबाईल, निळा पारदर्शक जिलेटीन कागद, लाल कुंकू, पिवळं फूल, निळा कागद.

कृती : मोबाईलचा कॅमेरा काळा-पांढरा करा आणि तिन्ही वस्तूंचा एक फोटो काढा. मग कॅमेऱ्यापुढे निळ्या जिलेटीनच्या दोन-तीन घड्या धरून पुन्हा काढा. आता फक्त निळाच प्रकाश आत जातो, म्हणजे आपला कॅमेरा जुन्या प्लेटसारखा झाला. कुंकू काळं, फूल गडद आणि निळा कागद उजळ दिसेल.

विचारायचे प्रश्न :
१. जुन्या फोटोंत आकाश नेहमी पांढरं का असतं?
२. फोगेल यांनी प्लेट अल्कोहोलनं का धुतली? त्यातून काय सिद्ध झालं?
३. लाल प्रकाश जाणवावा म्हणून त्यांनी हिरवा रंग का निवडला असेल?
४. घरातल्या जुन्या फोटोत कोणता रंग काय झाला आहे, ते मोठ्यांना विचारून लिहा.

पालकांना विनंती, की चौथ्या प्रश्नासाठी थोडा वेळ द्या. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याजवळ बसवा. कपड्यांचे रंग आठवता आठवता बरंच काही निघतं.

शेवटी आमच्या वर्गाचं सांगते. हा प्रयोग मी सगळ्यात आधी त्याच मुलीच्या हातून करवून घेतला. जिलेटीन धरल्यावर पडद्यावरचं कुंकू काळं झालं, तेव्हा वर्ग गप्प झाला, मग सगळे एकदम बोलायला लागले. माझं पहिलं उत्तर चुकलं होतं आणि तिचा प्रश्न बरोबर होता, हे मी तेव्हा सगळ्यांसमोर सांगितलं. तिनं दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं म्हणून हा पाठ झाला. पहिल्या दिवशीच्या हशानंतर गप्प बसलेली किती मुलं मागे राहिली असतील, ते मला माहीत नाही. तेव्हापासून वर्गात फळ्याच्या एका कोपऱ्यात न जुळणाऱ्या गोष्टी असं लिहून जागा ठेवली आहे. ज्याला जे खटकेल त्यानं ते तिथे लिहायचं, आणि उत्तर सापडेपर्यंत पुसायचं नाही.

तुमच्या वर्गात हा प्रयोग केलात तर काय दिसलं ते जरूर कळवा.